घोड्यांच्या यात्रेला चार गाड्या

शुक्रवार : नाशिक ते धुळे

पुढे कोणाची गाडी राहणार यावरून आडगाव नाक्यालाच कुरबुर झाली. डॉक्टरांची पोर्शे ९११, रावेरच्या भाऊची पोर्शे ७१८ बॉक्स्टर, सातपूरला मशीन शॉप असलेल्या शेठची फोर्ड मस्टँग आणि माझी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. डॉक्टरांनी तोडगा काढला, "किमतीच्या क्रमानं जाऊ. म्हणजे वादच नको." शेठना तो मान्य नव्हता. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन घेऊन मी कुणाच्या मागे चालणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. माझ्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. "ताई, तुमची गाडी मागे राहू द्या. घरगुती गाडी, सामानाला बरी."

मला ते लागलं. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती, आणि वर चौघांचं सामान गिळणारी डिकी. या गाडीसाठी मी काय काय बाजूला ठेवलं ते माझं मला माहीत. तिला चार दारं आहेत म्हणून ती स्पोर्ट्स कार नव्हे, हा निवाडा ती एकदाही न चालवलेल्या माणसानं द्यावा, याचा मला राग येतो आणि पुढेही येईल.

दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेला जायची कल्पना शेठची. ते म्हणाले, आपल्या चारांपैकी तीन गाड्यांच्या बिल्ल्यावर घोडा आहे, मग घोड्यांच्या बाजारात एकदा जाऊन यायलाच हवं. पोर्शेच्या ढालीवरचा घोडा श्टुटगार्ट शहराच्या मानचिन्हातला, मस्टँगचा अमेरिकेच्या माळरानावरचा मोकाट. माझ्या स्कोडावर पंखवाला बाण आहे, पण धुळे माझं माहेर. त्या मुलखातली वाट मला ठाऊक, म्हणून मीही निघाले.

चांदवड, राहुड घाट, मालेगाव. तिथवर सगळं नीट चाललं होतं. मालेगाव सोडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि मस्टँगनं ९११ला मागे टाकलं. डॉक्टरांना ते सहन झालं नाही. पुढची काही मिनिटं त्या दोघांनी जे केलं ते मी मागून पाहत होते. दिवस कापसाचे. दोन्ही बाजूंनी फुगलेल्या गाठोड्यांचे ट्रक रस्ता व्यापून चाललेले, कडेनं ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मधेच दुभाजकाच्या फटीतून शिरणारी मोटारसायकल. अशा रस्त्यावर दोन शहाणीसुरती माणसं कुणाचा बिल्ला मोठा ते ठरवत होती. लळिंगला थांबल्यावर मी दोघांना तोंडावर सांगितलं, पुन्हा असं केलंत तर मी धुळ्याहून पुढे येणार नाही. शेठ लगेच म्हणाले, "चुकलं आमचं." डॉक्टर काही बोलले नाहीत, किल्ल्याकडे बघत उभे राहिले. फारुकी सुलतानांच्या काळातला तो लळिंगचा किल्ला उतरत्या उन्हात छान दिसतो, पण चढायला वेळ नव्हता.

रात्री आईनं शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली होती. जेवताना खरा विषय निघाला. भाऊची बॉक्स्टर नवी, त्याचा उत्साह ऊतू जात होता, आणि डॉक्टर म्हणाले, "चांगली आहे रे. ९११ परवडत नाही त्यांच्यासाठी पोर्शेनं चांगली सोय केलीय." भाऊचा घास हातातच राहिला.

हा टोमणा पोर्शेवाल्यांच्या जगात फार जुना आहे. बॉक्स्टर घेणाऱ्याला ९११वाला तो ऐकवतो. ९११वाल्यांतही, १९९८पर्यंतची हवेनं थंड होणारी इंजिनं ज्यांच्याकडे आहेत ते नंतरच्या पाण्याच्या इंजिनवाल्यांना कमी लेखतात. ७१८च्या बहुतेक गाड्यांत चार सिलिंडर, म्हणून सहा सिलिंडरच्या जुन्या बॉक्स्टरवालेही तिला नाक मुरडतात. उतरंड संपतच नाही. आणि इतिहास काय सांगतो? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे बुडायच्या बेतात होती. तिला सावरण्यात १९९६च्या बॉक्स्टरचा वाटा फार मोठा. खर्च वाचावा म्हणून बॉक्स्टर आणि त्यानंतरची नवी ९११ यांची दारं, दिवे, पुढचा बराचसा भाग एकच ठेवला होता. म्हणजे जिच्या जिवावर थोरली तगली तिलाच थोरलीचे मालक धाकटी म्हणून हिणवतात. त्याच्याही मागे गेलं तर १९४८ची पहिली पोर्शे ३५६ फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर उभी होती, आणि बीटल ही फर्डिनांड पोर्शे यांचीच रचना. लोकांच्या स्वस्त गाडीतून हे सगळं घराणं निघालं.

मी हे सगळं बोलून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, मला ठाऊक आहे हे." मग ठाऊक असून असं का बोलता, या माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि विषय तिथं थांबला.

शनिवार : धुळे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा

आज पुढे मी. चिमठाण्यावरून दोंडाईच्याला जाणाऱ्या रस्त्यावर कुठला गतिरोधक कुठल्या झाडामागे आहे ते मला पाठ. ९११ आणि बॉक्स्टर त्यावरून तिरक्या, एकेक चाक उचलत काढाव्या लागतात. मी आधीच इंडिकेटर देऊन इशारा करत होते. दोंडाईच्याला बाजाराजवळ काचा बंद असूनही मिरचीचा खाट नाकात गेला.

तापीच्या पुलावरून सारंगखेड्याची यात्रा दिसू लागते. आधी नुसते तंबू, पाळणे, धूळ. जवळ गेलं की घोडेच घोडे. एकमुखी दत्ताचं दर्शन घेऊन आम्ही बाजारात शिरलो. गाड्या दूर लावल्या होत्या, तरी पोरांचा घोळका त्यांच्यामागे पोचलाच. एका म्हाताऱ्या बाबांनी ९११भोवती फेरी मारली, वाकून चाकांमधली जागा पाहिली आणि डॉक्टरांना विचारलं, "कितलं अ‍ॅव्हरेज देस भाऊ?" डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि तोच प्रश्न घेऊन ते मस्टँगकडे गेले. शेठचं उत्तर ऐकून मात्र त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

घोड्यांचा बाजार मी लहानपणापासून पाहत आलेय, पण या वेळी गाड्यांचं डोकं घेऊन पाहिला. एक गिऱ्हाईक आलं. मालक घोडीच्या आजोबांपासून सांगायला लागला, कुठल्या संस्थानाच्या पागेतली, कोणाची नात. गिऱ्हाइकानं हातानंच थांबवलं. "नाव ऱ्हाऊ दे, चाल दखाड." मग घोडी मोकळ्यात काढली. ती रेवाल चालीत गेली तेव्हा स्वाराच्या खांद्याची पातळी हलत नव्हती. परत आल्यावर त्या माणसानं दात बघून वय ताडलं, चारही खूर उचलून पाहिले, मानेवरचा भोवरा शोधला, पायांवरून तळवा फिरवून गरमी कुठे आहे का ते तपासलं. एवढं सगळं झाल्यावर त्यानं घराणं विचारलं. हा क्रम मला फार आवडला. आमच्याकडे बिल्ला आधी बघतात आणि बरेचदा तिथंच थांबतात.

पण घोडेवाल्यांत तोरा नसतो असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. थोडं पुढे एक मारवाडी घोडेवाला आपल्या घोड्याचे आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे कान सगळ्यांना दाखवत होता. शेजारी काठियावाडी घेऊन बसलेल्याला तो म्हणाला, मारवाडी सोडून बाकी सगळी तट्टं. काठियावाडीवाला उठलाच. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी चहावाल्यानं पेले पुढे करत सांगितलं, "तट्टाला नावं ठेवू नका, मराठ्यांची फौज उत्तरेत गेली ती तट्टांवरच." खरंच आहे ते. भीमथडीची ती बुटकी, काटक जनावरं, कमी दाण्यावर जगणारी आणि दिवसचे दिवस मजल मारणारी. दिसण्यात ती कुणापुढे उभी राहिली नसती. काम मात्र करून गेली.

इथंच शेठनी फेरारीच्या घोड्याची गोष्ट काढली. पहिल्या महायुद्धातला इटलीचा वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्या विमानावर उधळलेला घोडा रंगवलेला असे. तो युद्धात मारला गेला. १९२३मध्ये एन्झो फेरारी शर्यत जिंकले तेव्हा बाराक्काच्या आईवडिलांशी त्यांची ओळख झाली आणि आईनं सुचवलं, माझ्या मुलाचा घोडा तुमच्या गाडीवर लावा, नशीब काढेल. ऐकून डॉक्टर गप्प झाले. एका आईनं गेलेल्या मुलाची खूण दिली, ती आज लोक टोपीवर आणि किल्लीच्या साखळीवर मिरवतात.

शेठ एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. १९६३मध्ये फोर्डनं फेरारी विकत घ्यायची बोलणी केली, ती शेवटच्या घटकेला एन्झोंनी मोडली. हेन्री फोर्ड दुसरे चिडले. त्यातून जीटी-४० ही फोर्डची शर्यतीची गाडी घडली आणि १९६६च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक फोर्डनं नेले. पुढची तीन वर्षंही ती शर्यत फोर्डचीच. "बघा," शेठ म्हणाले, "रागावले, पण उत्तर गाडीनं दिलं." हे माझ्या मनातलं बोलले. चुरस आणि तोरा यांना लोक एकाच मापानं मोजतात, ते चूक आहे. चुरशीतून जीटी-४० निघाली, लँबोर्गिनी निघाली. तोऱ्यातून आजवर एक नट-बोल्टसुद्धा निघालेला नाही. आणि मस्टँगवाल्यांनीही विसरू नये, १९६४ची पहिली मस्टँग फोर्ड फाल्कन नावाच्या साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर बांधली होती. हे मी शेठना ऐकवलं. "घरगुती" शब्दावर ते मनापासून हसले आणि म्हणाले, "ताई, कालचा हिशेब फिटला."

शहाद्याला पोचायला अंधार झाला. जेवून लगेच झोपलो.

रविवार : तोरणमाळ

म्हसावदच्या पुढे सातपुडा समोर येऊन उभा राहतो. तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाण, अकराशे मीटरहून जास्त उंचीवर. वर जायचं तर सात पायरीचा घाट चढावा लागतो, एकावर एक रचलेली वळणं. पायथ्याशी थांबलो आणि मी मागणी केली : आज किल्ल्या बदलू. प्रत्येकानं ज्या गाडीला नावं ठेवली तीच आज चालवायची. वेग कुणी दाखवायचा नाही, घाटात माणसं पायी चालतात.

डॉक्टरांना बॉक्स्टर, भाऊला मस्टँग, शेठना माझी स्कोडा, मला ९११.

आधी ९११बद्दल, कारण ती चालवल्यावर तिच्याबद्दल वाकडा शब्द काढणं मला शक्य नाही. इंजिन मागच्या आसाच्याही मागे. हे पुस्तकी दृष्टीनं चुकीच्या जागी आहे, सगळं वजन शेपटाकडे. जुन्या ९११ वळणात अचानक पाय काढला तर मागून फिरत, ही त्यांची कीर्ती. पोर्शेच्या अभियंत्यांनी ती जागा सोडली नाही. १९६३पासून ते त्याच अवघड मांडणीला घासून-पुसून घडवत आले. त्याचा फायदा वळणातून बाहेर पडताना कळतो. ते वजन मागच्या चाकांना रस्त्यावर दाबून धरतं आणि गाडी चढाला सुरुंग लावल्यासारखी निघते. स्टिअरिंगमधून खडीचा कण न् कण हाताला कळतो. एवढी माणसं एवढी वर्षं एका कल्पनेवर राबली, त्याला मी हात जोडते. माझा राग गाडीवर कधीच नव्हता.

डॉक्टर माझ्या पुढे होते. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या पाठीमागे, दोन आसांच्या मध्ये. वजन मधोमध असल्यानं ती वळणात जागच्या जागी वळते, शेपूट ओढावं लागत नाही. तिसऱ्या वळणापासून डॉक्टरांची चालवण्याची तऱ्हा बदललेली मागून दिसत होती. ब्रेक कमी लागत होते, रेषा स्वच्छ येत होती. वर यशवंत तलावाकाठी ते उतरले, छत उघडं ठेवलं आणि भाऊला म्हणाले, "नाक किती पटकन आत घेते रे ही." भाऊला एवढंच हवं होतं. पण डॉक्टरांनी पुढे लगेच जोडलं, "आवाज मात्र नाही. चार सिलिंडरचा आवाज तो चार सिलिंडरचा." ही तक्रार मला मान्य आहे, कारण ती चालवून झाल्यावर केलेली होती.

भाऊला मस्टँगनं घाम फोडला. एका अरुंद वळणावर समोरून एसटी आली. ते लांबलचक बॉनेट कुठे संपतं याचा त्याला अंदाज येईना, मागे घ्यावी तर दरी. कंडक्टर खाली उतरला, हातवारे करून इंचाइंचानं त्यानं गाडी दगडी कठड्याला लावून घेतली आणि बस काढून दिली. वरून "चांगली आहे गाडी, पण इथली नाही" असं सांगून गेला.

शेठ सर्वांत शेवटी आले, पण पोटाला खरचटा न पडलेली त्यांची एकटीच. इतर तिघींच्या पोटाला घाटानं ओरखडे काढले होते. शेठनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या गिअरपासून चौथ्यापर्यंत इंजिन कसं ओढतं ते मशीनवाल्याच्या भाषेत मला समजावून सांगितलं. मला ते सगळं माहीत होतं, तरी मी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटत होतं.

सीताखाईवर वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. खाली उतरताना ज्याची गाडी त्याच्याकडे.

सोमवार : शहादा ते जळगाव

आज लांबचा पल्ला, सातपुड्याच्या पायथ्यानं पूर्वेकडे. शिरपूर, चोपडा, यावल. फैजपूरला क्षणभर थांबलो. १९३६मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. त्याच्या पुढे रावेरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी, मधे मधे घडांच्या ट्रॉल्या.

भाऊच्या मळ्यात गेलो. तिथं त्याचे आप्पा ट्रॅक्टरपाशी उभे होते आणि शेजारच्या शेतकऱ्याशी त्यांचा वाद रंगला होता : लाल चांगला की हिरवा. महिंद्राला चिखलात कोणी धरत नाही, असं आप्पांचं म्हणणं. शेजारी जॉन डिअरच्या गिअरबॉक्सची बाजू लढवत होते. पण हे दोघे रोटाव्हेटर लावून कोणाचा ट्रॅक्टर किती दबतो, तासाला डिझेल किती पितो, सुटा भाग सावद्याला मिळतो की जळगावला जावं लागतं, यावर भांडत होते. दोघांच्याही हाताला ग्रीस होतं. असलं भांडण मी दिवसभर ऐकीन.

तिथं मी लँबोर्गिनीची गोष्ट सांगितली. फेरुच्चिओ लँबोर्गिनी शेतकऱ्याचा मुलगा. युद्धानंतर पडून असलेल्या लष्करी सामानातून त्यांनी ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि त्यात पैसा मिळवला. त्यांच्याकडे फेरारी होती, तिचा क्लच वारंवार जाई. ते स्वतः सांगत त्याप्रमाणे, तक्रार घेऊन एन्झो फेरारींकडे गेले तर उत्तर मिळालं, तू ट्रॅक्टर चालव, फेरारी तुझं काम नव्हे. १९६३मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि १९६६च्या मिउरानं जग थक्क केलं. सत्तरच्या दशकात कंपनीतून मोकळे झाल्यावर ते उंब्रियात द्राक्षाच्या मळ्यात राहायला गेले, १९९३मध्ये वारले. "म्हणजे परत शेतीच," आप्पा म्हणाले. मिउरा हे नाव बैलांच्या पैदाशीसाठी गाजलेल्या घराण्याचं, हे कळल्यावर तर आप्पांनी गोठ्यातली निमाडी जोडी दाखवायला आम्हाला ओढतच नेलं. तांबडी, अंगावर पांढरे ठिपके, शिंगांना अजून पोळ्याचा रंग.

परत येताना डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं, "पोर्शेनंही ट्रॅक्टर केले होते बरं का. १९५६ ते १९६३. लाल रंगाचे." हे ९११वाल्यानं स्वतःहून सांगावं याचं भाऊला इतकं नवल वाटलं की तो माझ्याकडे बघत राहिला. आप्पांनी विचारलं, "मग बंद का केले? ते घेतले असते आम्ही." डॉक्टर चढले ट्रॅक्टरवर. क्लच दाबायला त्यांना दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून जोर लावावा लागला.

जळगावला रात्री भरीत. बामणोदची मोठी, पांढुरकी-हिरवी वांगी तुरकाट्यांच्या आगीत भाजलेली, सोबत कळण्याच्या पुऱ्या. डॉक्टर आणि भाऊ पुन्हा भिडले होते, पण भांडण आता टायरच्या दाबावर, वजनाच्या वाटणीवर, वळणात जायच्या वेगावर होतं. भाऊचं म्हणणं, घट्ट वळणांच्या ट्रॅकवर बॉक्स्टर ९११च्या पुढे राहील. डॉक्टरांचं म्हणणं, सरळ पट्टा आला की संपलं. शेठनी कागद घेऊन कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेची आकृती आठवेल तशी काढली आणि कुठल्या वळणावर कोण वेळ मिळवेल त्याच्या खुणा केल्या. ठरलं असं : चारही गाड्या तिथं न्यायच्या, चौघांनी चारही चालवायच्या, स्टॉपवॉच आळीपाळीनं. हरेल त्यानं पुढच्या हंगामात दहा किलो भरताची वांगी घरपोच द्यायची. स्कोडाही यादीत आहे. डॉक्टरांनीच तिचं नाव लिहिलं, पण हँडिकॅप म्हणून काही सेकंद द्यावेत असं सुचवलं. मी ते सेकंद नाकारले आणि कागदावर सही केली.